सळई

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेतीनला उठलो,
सवयीनं.
चावी फिरवायला गल्ली नव्हती.
छत्तीस वर्षं भोईवाड्याच्या, नायगावच्या बादल्या भरल्या,
आमच्या चाळीतला नळ तेवढा करंगळीएवढा यायचा.
बायको ते विसरलेली नाही.

बाहेरदेशी जाऊन काम करायचं म्हणतो, बिनपगारी,
असं जेवताना बोललो.
मुलगा हसला नाही, त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.
"ओमकारला शाळेतून कोण आणणार?"
विचारलं ते बरोबरच होतं.

सरकारी योजनेत वय पंचेचाळीसला संपत होतं
आणि पदवीपासून पुढे माणूस सुरू होत होता.
मी साठीचा, दहावी.
खिडकीतल्या साहेबानं अर्ज परत देताना
घडीसुद्धा मोडली नाही.

मग अंधेरीला, काचेचं ऑफिस.
दोन आठवडे, एक लाख नव्वद हजार,
त्यात सफारी, सर्टिफिकेट, टी-शर्ट
आणि एका शाळेला रंग देणं.
मी म्हटलं, मागच्या वेळी कुठला दिला होता?
मुलीनं फाइल चाळली. निळा.
आणि आता?
पिवळा.
कॉफी मात्र चांगली होती.

फोर्टातला एकजण म्हणाला, पासपोर्ट ठेवून जा, काका, काम होईल.
मी खिशावर हात ठेवून तीन मजले उतरलो.

ई वॉर्डात बदली होती तेव्हाची ओळख,
म्हातारपाखाडीतली इमेल्डाबाई.
तिच्या विहिरीशेजारून आमची लाइन जायची,
त्यावरून आम्ही दोन वर्षं भांडलो.
तिची धाकटी बहीण मलावीत सिस्टर, दवाखाना चालवते.
बाई म्हणाली, तिकडे पंप बसवायला पुष्कळ येतात रे,
फोटो काढतात, जातात,
पावसाळ्याआधी पंप मुका.
तू पत्र लिही. नसलेलं काही लिहू नको.

मी मराठीत सात पानं लिहिली.
सुनेनं इंग्रजीत दीड केली.
"बाबा, मुकादमाशी झालेलं भांडण काढलंय," म्हणाली.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं.
तिकीट तुमचं, भाकरी आमची. आणि तीन प्रश्न:
गळती कानानं शोधता येते का?
ते इथल्या दोघांना शिकवता येईल का?
शिकवून झालं की परत जाल ना?

तिसरा प्रश्न मी रात्रभर वाचत होतो.
मला आजवर पुष्कळांनी जा म्हटलंय,
पण इतक्या मानानं कुणी नाही.

पहिल्याचं उत्तर सुनेला तोंडी सांगितलं:
रात्री दोननंतर जायचं.
सळईचं एक टोक पाइपावर, एक कानाच्या हाडावर.
श्वास धरायचा.
भरलेली लाइन गुंगुरते, तिकडे लक्ष द्यायचं नाही.
गळतं तिथे असा आवाज येतो
की शेजारच्या घरात कुणी फोडणी टाकून
गॅस बंद करायला विसरलंय.
सून टाइप करता करता थांबली,
म्हणाली, फोडणीला काय लिहू?
तसंच लिही. सिस्टर माझगावची आहे.

तीन महिन्यांसाठी जातोय.
बायकोनं जुन्या परकराची लांब पिशवी शिवली सळईला,
बोलली नाही, पण नाडी दुहेरी घातली.
विमानात नेऊ देतील की नाही, कुणालाच ठाऊक नाही.
इमेल्डाबाई म्हणते, लोखंड तिकडेही आहे,
तू कान विसरू नको.

काल ओमकारला गच्चीवर नेलं,
टाकीच्या पाइपाशी.
त्यानं सळई लावली, डोळे घट्ट मिटले,
बराच वेळ.
"आजोबा, काहीच ऐकू येत नाही."
बरोबर, म्हटलं.
इथे गळत नाही.